जाड पाइनसाठी जिगसॉचं ब्लेड कसं निवडायचं

पाइनवुड मऊ असतं. नख दाबलं तरी खूण उठते. त्यामुळे नवीन माणूस धरून चालतो की जिगसॉच्या, म्हणजे वर-खाली होणाऱ्या पात्याने लाकूड कापणाऱ्या हातातल्या मशीनच्या, डब्यात आलेलं कुठलंही ब्लेड याला पुरेल. अर्ध्या इंची फळीपर्यंत हे खपूनही जातं. पण गणपतीच्या चौरंगाचे पाय काढायला दोन इंची पाइन आणलं की तेच मशीन रडायला लागतं. धूर येतो, कड काळी पडते आणि वरून रेषेवर अगदी बरोबर चाललेला काप खालच्या बाजूला एक-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सरकलेला निघतो. मग मशीनला शिव्या बसतात. मशीन बहुतेक वेळा ठीक असतं. लाकूड मऊ आहे एवढंच बघून ब्लेड घेतलेलं असतं, जाडीचा विचार केलेलाच नसतो.

इथे जाड म्हणजे साधारण दीड इंचापासून चार इंचांपर्यंत. त्याहून जाड असेल तर जिगसॉ उचलूच नका.

पहिली पायरी : लाकूड बघा, जाडी मोजा

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलात तर पाइन, देवदार, स्प्रूस अशी नावं कानावर पडतील. ब्लेड निवडताना हे सगळे एकाच पंगतीतले. शास्त्राच्या हिशेबाने सूचिपर्णी झाडांचं लाकूड ते सॉफ्टवुड आणि रुंद पानांच्या झाडांचं ते हार्डवुड. म्हणजे हाताला पाइनपेक्षाही मऊ लागणारी सावर कागदोपत्री हार्डवुड ठरते. या वर्गवारीत अडकू नका. सावरीला पाइनचंच ब्लेड चालतं, सागाचा विचार मात्र वेगळा करावा लागतो.

दुसरा स्रोत म्हणजे चाकण-भोसरीकडच्या कारखान्यांतून बाहेर पडणारे पॅलेट आणि पॅकिंगची खोकी. लाकूड स्वस्त मिळतं आणि कधीकधी बरंही असतं. आयात-निर्यातीच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखी खूण आणि शेजारी इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. ‘एचटी’ असेल तर लाकडावर उष्णतेची प्रक्रिया झालेली आहे. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते घरातल्या वस्तूसाठी घेऊ नका. पॅलेटमध्ये खिळे असतातच. डोकं उडालेला खिळा वरून दिसत नाही, म्हणून कापायच्या रेषेवरून एखादं लोहचुंबक फिरवून घ्या.

जाडी मोजताना दुकानदाराच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका. ‘दोन इंची’ म्हणून घेतलेली फळी रंधा मारल्यावर पावणेदोन इंच भरू शकते, आणि न रंधलेली असेल तर एका टोकाला दोन इंच आणि दुसऱ्या टोकाला दोन सूत जास्त. पट्टी घ्या आणि जिथे कापायचं तिथली जाडी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. सुताराशी बोलताना सूत-इंच ठीक आहेत, पण ब्लेडच्या पाकिटावर सगळं मिलिमीटरमध्ये छापलेलं असतं.

गाठीही बघून ठेवा. पाइनची गाठ आजूबाजूच्या लाकडापेक्षा कितीतरी टणक असते, आणि ब्लेड तिच्या कडेला लागलं की बाजूला ढकललं जातं. रेषा गाठीच्या शेजारून घासत जात असेल तर शक्य तिथे ती थोडी सरकवा.

दुसरी पायरी : लांबीचा हिशेब

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि हिशेब तर दुसरीतल्या बेरजेचा आहे.

जिगसॉचं ब्लेड वर-खाली होतं. किती होतं त्याला स्ट्रोक म्हणतात. घरगुती आणि हलक्या मशीनमध्ये तो १८-२० मिमीच्या आसपास असतो, मोठ्या मशीनमध्ये २६ मिमीपर्यंत जातो. आकडा माहितीपत्रकात मिळतो. ब्लेड सगळ्यात वर गेलेलं असतानाही त्याचं टोक लाकडाच्या खाली थोडं बाहेर राहिलं पाहिजे. ते लाकडाच्या आत शिरलं तर खाली येताना टोक लाकडावर आपटतं, मशीन उड्या मारतं, ब्लेड वाकतं, कधी मोडतंही.

म्हणून : लाकडाची जाडी + स्ट्रोक + निदान ५ मिमी. एवढी लांबी बेसप्लेटच्या, म्हणजे मशीनच्या लाकडावर टेकणाऱ्या सपाट तळाच्या, खाली हवी, आणि तीही दात असलेली.

पाकिटावर छापलेली लांबी पूर्ण ब्लेडची असते. तिच्यातली वरची दोन-अडीच सेंटिमीटर मशीनच्या पकडीत आणि दांड्यात जाते. नेहमीचं १०० मिमीचं ब्लेड घेतलं तर दात असलेला भाग साधारण ७५ मिमी. आता पन्नास मिमी लाकूड, वीस मिमी स्ट्रोक, पाच मिमी वर. पंचाहत्तर झाले. म्हणजे दोन इंची लाकूड ही १०० मिमी ब्लेडची शेवटची मर्यादा, आरामाची नव्हे. अडीच-तीन इंचाला ते चालणार नाही. तिथे १५० मिमीच्या आसपासचं लांब ब्लेड लागतं, त्याचा दातांचा भाग सव्वाशे मिमीच्या घरात असतो आणि ते चार इंचांपर्यंत पोचतं.

कागदावरच्या आकड्यांवर भरवसा नसेल तर प्रत्यक्ष मोजा. प्लग काढा, ब्लेड लावा, बेसप्लेटच्या तळापासून ब्लेडच्या टोकापर्यंत पट्टी धरा आणि येईल त्या आकड्यातून स्ट्रोक वजा करा. उरलेली लांबी लाकडाच्या जाडीपेक्षा जास्त असली पाहिजे. ब्लेड नेमकं कुठल्या उंचीवर थांबलं आहे याची चिंता नको, पूर्ण स्ट्रोक वजा केला की तुम्ही सुरक्षित बाजूलाच असता.

मग सगळ्यालाच लांब ब्लेड का लावू नये? कारण जिगसॉचं ब्लेड फक्त वरून धरलेलं असतं, खालचं टोक मोकळं. १९४६ साली स्वित्झर्लंडमधल्या सिंटिला कंपनीतल्या आल्बर्ट काउफमान यांनी शिलाई मशीनमध्ये सुईच्या जागी करवतीचं पातं बसवलं आणि त्यातून हे यंत्र निघालं. सुईची ती एका बाजूची पकड आजही तशीच आहे. ब्लेड जेवढं लांब तेवढं खालचं टोक भरकटतं. लागेल तेवढंच लांब घ्या. अर्ध्या इंची फळीला दीडशे मिमीचं ब्लेड लावलं तर खाली नुसतं फडफडत बसेल.

आणखी एक गोष्ट. मशीनच्या डब्यावर ‘लाकूड ६५ मिमी’ असं लिहिलेलं असतं. ती मशीनची ताकद झाली. लांब ब्लेड लावलं म्हणून ६५ मिमीचं मशीन १०० मिमी कापायला लावू नका. कापेल, पण मोटर तापेल आणि काप वाकडा निघेल.

तिसरी पायरी : दात मोजा, कमी असतील तेच घ्या

नवीन माणसाचा साधा तर्क असतो : बारीक दात, स्वच्छ काप. प्लायवुडच्या पातळ तुकड्यावर हा तर्क बरोबर आहे. जाड पाइनवर तो साफ कोसळतो. का, ते नीट समजून घ्या, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढची निवड आपोआप होते.

जिगसॉचं नेहमीचं ब्लेड वर जाताना कापतं. प्रत्येक दात लाकडाचा थोडा भुसा काढतो आणि तो आपल्यापुढच्या खाचेत घेऊन वर सरकतो. हातकरवतीचा ओढा फूटभराचा असतो, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक दात लाकडातून बाहेर पडतो आणि खाच रिकामी होते. जिगसॉचा ओढा फक्त वीस मिमी. लाकूड पन्नास मिमी जाड असेल तर मधल्या भागातले दात लाकडाच्या बाहेर कधी येतच नाहीत. ते आतल्या आत वीस मिमी वर, वीस मिमी खाली करत राहतात. त्यांनी काढलेला भुसा टप्प्याटप्प्याने वरच्या दातांकडे सरकतो किंवा कापाच्या मागच्या फटीतून खाली पडतो. खाच मोठी असेल तर हे जमतं. खाच लहान असेल तर ती दोन-चार हिसक्यांत भरते, दात लाकडाला टेकेनासे होतात आणि ब्लेड नुसतं घासत राहतं. घासलं की तापतं. पाइनमध्ये राळ असते, ती उष्णतेने वितळते, भुशात मिसळते आणि दातांवर तपकिरी चिकट थर बसतो. धूर येतो तो यामुळे. ब्लेडला धार असूनही.

आकड्यांत बघा. दोन दातांमधलं अंतर ४ मिमी असेल तर पन्नास मिमी लाकडात एका वेळी बारा-तेरा दात असतात. अडीच मिमी असेल तर वीस. धातूच्या ब्लेडला ते सव्वा मिमीच्या आसपास असतं, म्हणजे चाळीस दात, आणि प्रत्येकाच्या पुढे नखाच्या कडेएवढीही खाच नाही. तेवढ्याच मोटरला बारा दात ओढायला लावायचे की चाळीस, हा प्रश्न आहे.

दीड इंचाच्या वर गेलात की दातांमधलं अंतर ४ मिमीच्या आसपासच हवं. काही पाकिटांवर इंचात किती दात ते लिहितात, तिथे ६ हा आकडा शोधा. ८ म्हणजे ३ मिमी, एक-दीड इंचापर्यंत ठीक. १० म्हणजे अडीच मिमी, ते फळीसाठी ठेवा. २०-२१ असेल तर ते ब्लेड पत्र्याचं आहे, लाकडाजवळ आणूच नका.

दुकानात पट्टी नसली तरी अंदाज घेता येतो. पाकिटातून ब्लेड दिसतंच, दोन दातांच्या मधल्या खाचेत तांदळाच्या दाण्याची रुंदी आरामात बसेल असं वाटलं पाहिजे.

चौथी पायरी : दातांची घडण

दात दोन प्रकारे बनवलेले असतात. एकात ते एकाआड एक डावीकडे-उजवीकडे थोडे वाकवलेले असतात. समोरून, म्हणजे दातांच्या बाजूने ब्लेड डोळ्यासमोर सरळ धरलं की दोन रांगा स्पष्ट दिसतात. यामुळे काप ब्लेडच्या अंगापेक्षा रुंद होतो, ब्लेड मोकळं चालतं, वळतंही. कड मात्र खडबडीत निघते.

दुसऱ्यात दात सरळ असतात, त्यांना घासून धार दिलेली असते आणि ब्लेडचं अंग पाठीकडे निमुळतं केलेलं असतं. कड गुळगुळीत येते. पण काप अरुंद असल्यामुळे जाड लाकडात, त्यातही ओलसर लाकडात, ब्लेड अडकायला वेळ लागत नाही.

माझं मत विचाराल तर जाड पाइनला वाकवलेल्या दातांचं ब्लेडच घ्या आणि कड नंतर रंध्याने साफ करा. दोन इंची लाकडाची कड जिगसॉमधून थेट पॉलिशला जाईल ही अपेक्षाच चुकीची आहे. दीड इंचापर्यंत आणि कोरड्या लाकडाला सरळ घासलेल्या, पण ४ मिमी अंतराच्या दातांचं ब्लेड छान काम देतं.

पावसाळ्याचा मुद्दा इथेच येतो. चौरंग, मखर, कमानी यांचं काम श्रावण-भाद्रपदात निघतं, आणि नेमकं तेव्हा लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगलेलं असतं. ओला भुसा कोरड्यासारखा उडत नाही, खाचेत थापला जातो. उन्हाळ्यात चाललेलं ब्लेड ऑगस्टमध्ये अडकलं तर नवल नको. जुलैतच लाकूड आणून घरात आडवं, खाली पट्ट्या ठेवून, हवेशीर रचा.

पाचवी पायरी : सरळ की वळणदार

ब्लेडची रुंदी बघा, म्हणजे दातांच्या टोकापासून पाठीपर्यंतचं अंतर. रुंद ब्लेड सरळ चालतं. अरुंद ब्लेड वळतं, पण तेवढंच भरकटतं. चौरंगाच्या पायाच्या वळणाला अरुंद ब्लेड लागणारच, देव्हाऱ्याच्या खांबाला मात्र ते लावू नका.

काही ब्लेडं मुद्दाम जाड अंगाची केलेली असतात. ती महाग पडतात, वळणाला निकामी, पण तीन इंची ठोकळ्यात काटकोनात काप हवा असेल तर पैसे वसूल. एकाच वस्तूवर जास्त खर्च करायचा असेल तर मी इथे करीन.

धातूचं म्हणाल तर पाइनला साधं हाय कार्बन स्टील पुरतं. ते लवचिक असतं, स्वस्त असतं आणि बोथट झालं तर टाकून देताना जीव हळहळत नाही. बायमेटल, म्हणजे दोन प्रकारचं पोलाद जोडून केलेलं, ब्लेड जास्त टिकतं, मोडत कमी. रोजचं काम असेल किंवा गाठाळ लाकूड असेल तर घ्या. पॅलेटच्या खिळ्यांची भीती असेल तर लाकूड आणि धातू दोन्हींसाठीचं बायमेटल मिळतं.

सहावी पायरी : शँक आणि अक्षरं वाचा

ब्लेडचा जो भाग मशीनमध्ये जातो तो शँक. टी शँकला दोन्ही बाजूंना लहान कान असतात, आज बहुतेक मशीनला हाच बसतो. यू शँकच्या डोक्यावर अर्धगोल खाच असते, ते जुन्या आणि काही स्वस्त, स्क्रूने आवळायच्या मशीनमध्ये जातं. एकाचं ब्लेड दुसऱ्यात ठोकून बसवू नका. खात्री नसेल तर आत्ता मशीनमध्ये असलेलं ब्लेड काढून खिशात घालून दुकानात जा, हा सगळ्यात सोपा उपाय.

बॉशने ब्लेडांना दिलेली नावं इतकी रुळली आहेत की इतर कंपन्यांच्या पाकिटांवरही ती दिसतात, आणि दुकानदारही त्याच भाषेत बोलतो. ती वाचता आली की अर्धं काम झालं. टी१४४डी घ्या. ‘टी’ म्हणजे शँक. पहिला आकडा १ म्हणजे नेहमीची लांबी, ३ असेल तर लांब. मधले दोन आकडे दातांच्या घडणीचे. आकड्यांनंतरचं अक्षर दातांमधल्या अंतराचं : ए सगळ्यात बारीक, मग बी, सी आणि डी सगळ्यात मोठं. त्यापुढे आणखी अक्षर असेल तर ते खास गुण सांगतं. एफ म्हणजे बायमेटल, पी म्हणजे काटेकोर कापासाठी जाड अंगाचं, ओ म्हणजे वळणासाठी, आर म्हणजे उलटे दात. शँकचा रंगही बघा : राखाडी लाकडासाठी, निळा धातूसाठी, पांढरा दोन्हींसाठी. जाड पाइनच्या कामाला ‘डी’ आणि राखाडी, एवढं लक्षात राहिलं तरी चुकीचं पाकीट घरी येणार नाही.

नवीन माणसाने काय घ्यावं?

दोन इंचांपर्यंत सरळ काप : टी१४४डी. दात वाकवलेले आणि घासलेले, अंतर ४ मिमीच्या वर, काम झपाट्याने होतं. एकच पाकीट घ्यायचं असेल तर हे.

दोन इंचांपर्यंत वळण : टी२४४डी. दात तसेच, अंग अरुंद.

दोन ते चार इंच : टी३४४डी, १५२ मिमी लांब. काटकोनाची काळजी असेल तर त्याचाच ‘डीपी’ भाऊ.

दीड इंचापर्यंत, कड चांगली हवी : टी१०१डी.

मशीनबरोबर बरेचदा टी१११सी किंवा टी१०१बी येतं. पहिलं सगळ्या लाकडाला चालणारं, पण कशातच खास नाही. दुसरं उत्तम ब्लेड आहे, फळीसाठी आणि लॅमिनेटसाठी. त्याला दोन इंची पाइनमध्ये घालणं हा त्याच्यावर अन्याय. टी११८ए दिसलं तर ते पत्र्याचं, बाजूला ठेवा.

सातवी पायरी : खरेदी

रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास हार्डवेअरची दुकानं हारीने आहेत, तिथे ब्लेडची पाकिटं सहज मिळतात. नुसतं ‘जिगसॉचं लाकडाचं ब्लेड द्या’ म्हणालात तर हाताला येईल ते मिळेल, आणि त्यात दुकानदाराचा दोष नाही. नंबर सांगा. पाकिटात सहसा पाच असतात, सुटं एकही काही ठिकाणी देतात. चांगल्या कंपनीच्या ब्लेडवर शँकलाच नंबर कोरलेला किंवा छापलेला असतो. पाकिटावर एक आणि शँकवर दुसराच, किंवा काहीच नाही, असं असेल तर ठेवून द्या. दातांच्या टोकांकडे निरखून बघा. सगळी एका रेषेत आणि एकाच उंचीची दिसली पाहिजेत.

दर बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात सुटी ब्लेडं ढिगाने दिसतात. तिथे पटाशी घ्या, रंधा घ्या, जुनी करवत घ्या. जिगसॉचं ब्लेड घेऊ नका. ही वापरून टाकायची वस्तू आहे, दुसऱ्याने टाकलेली कशाला उचलायची?

आठवी पायरी : पहिला काप

ब्लेड बदलताना प्लग काढलेला हवा. फक्त बटण बंद असून भागत नाही. ब्लेड बसवल्यावर खाली ओढून बघा. ब्लेडच्या पाठीमागचा छोटा रोलर ब्लेडच्या पाठीला हलकेच टेकलेला असावा, त्यानेच ब्लेडला आधार मिळतो. मग गुण्या घेऊन बेसप्लेट आणि ब्लेड काटकोनात आहेत का ते तपासा. बेसप्लेट अर्धा अंश कलली तर पातळ फळीवर कळतही नाही, तीन इंची ठोकळ्यावर डोळ्यात भरते.

ब्लेड वर जाताना कापतं म्हणून टवके वरच्या बाजूला उडतात. चांगली बाजू खाली ठेवा आणि रेषा मागच्या बाजूला आखा. लाकूड क्लँपने टेबलाला घट्ट आवळा आणि कापायची बाजू टेबलाच्या बाहेर काढा. लांब ब्लेड लाकडाखाली चांगलं तीन-चार बोटं बाहेर येतं, तिथे टेबलाची कड, वायर किंवा तुमची मांडी नको. गॉगल आणि नाकावर मास्क घाला. सोसायटीत राहत असाल तर वेळही बघा, भिंतीला टेकलेल्या टेबलाचा आवाज दोन मजले खाली जातो.

बहुतेक मशीनला पेंड्युलमचा खटका असतो, ० ते ३. त्याने ब्लेड वर जाताना थोडं पुढे येतं आणि खाली जाताना मागे हटतं. मागे हटतं तेव्हाच अडकलेला भुसा सुटून खाली पडतो, म्हणून जाड लाकडात हा खटका बंद ठेवणं म्हणजे पायावर धोंडा. सरळ कापाला २ ठेवा. कड महत्त्वाची नसेल तर ३. वळणाला १. वेग जवळजवळ पूर्ण, राळ वितळताना दिसली तर थोडा उतरवा.

मशीन सुरू करून मगच ब्लेड लाकडाला लावा. आणि मग घाई करू नका. हाताचा जोर खाली, बेसप्लेट लाकडावर दाबण्यासाठी. पुढे ढकलण्यासाठी अगदी थोडा. कान आवाजाकडे ठेवा. एकसुरी घरघर चालू असेल तर ठीक, आवाज खाली पडला तर तुम्ही ढकलताय. ढकललं की ब्लेडचं मोकळं टोक मागे राहतं, वाट फुटेल तिकडे झुकतं, आणि वरून तुम्हाला काही कळत नाही. बोटभर कापून थांबा, मशीन बंद करा, ब्लेड पूर्ण थांबू द्या, गुण्या कापाच्या भिंतीला लावून बघा. भिंत आणि गुण्यामधून उजेड दिसला तर पुढे हळू जा.

चौरंगाच्या पायासाठी साचा दोन्ही बाजूंना आखा, म्हणजे खालची बाजू किती सरकली ते लगेच दिसतं. रेषेच्या बाहेर अर्धा सूत ठेवून कापा आणि बाकी लाकडाच्या कानशीने आणा. वळण घट्ट असेल तर आधी टाकाऊ भागातून वळणापर्यंत आडवे दोन-तीन काप देऊन ठेवा. तुकडे गळून पडत जातात आणि ब्लेडला वळायला जागा मिळते.

काही बिघडलं तर क्रमाने बघा. कड काळी पडतेय : दात बारीक आहेत, राळ चढली आहे किंवा ब्लेड बोथट आहे. खालची बाजू सरकतेय : ढकलणं, अरुंद ब्लेड, रोलर. मशीन उड्या मारतंय : ब्लेड आखूड पडतंय किंवा लाकूड सैल धरलंय. मध्येच अडकलं : लाकूड आतून मिटतंय. ब्लेडच्या मागे कापात बारीक पाचर सारा आणि पुढे जा.

नववी पायरी : ब्लेड टिकवणं आणि टाकणं

काम संपल्यावर ब्लेड हाताने लगेच काढू नका, चटका बसेल. गार झाल्यावर जुन्या टूथब्रशने टर्पेंटाइन लावून घासा. राळ सुटून येते. पंख्याखाली, गॅसपासून लांब. मग कोरडं पुसून मशीनच्या तेलाचं बोट फिरवा, नाहीतर पुण्याच्या पावसाळ्यात साध्या स्टीलला पंधरवड्यात गंज धरतो. ब्लेडं एकमेकांवर टाकून डबीत खुळखुळवू नका, दात एकमेकांवर आपटून बोथट होतात. पाकिटाचं प्लास्टिक ठेवलंत तर त्यातच परत खोवा.

धार गेली का हे बघायला ब्लेड दिव्याखाली धरा. धारदार टोकावर उजेड थांबत नाही. झिजलेलं टोक गोल होतं आणि त्यावर पांढरा ठिपका चमकतो. पाच-सहा दातांवर असे ठिपके दिसले की ब्लेड संपलं. या ब्लेडांना घरी धार लावत बसू नका. जाड लाकडात झीज सगळीकडे सारखी होत नाही, मधल्या पट्ट्यातले दात आधी जातात आणि टोकाकडचे नव्यासारखे राहतात. टोकाकडचे चांगले दात बघून फसू नका, मधल्या पट्ट्यातले बघा.

लांब सरळ काप असतील, म्हणजे सहा-सात फुटी दोन इंची फळी उभी चिरायची असेल, तर चांगलं ब्लेड असूनही जिगसॉवर संध्याकाळ घालवू नका. लाकूड घेतानाच वखारीत मशीनवर चिरून घ्या, रेषा तुमच्यासमोर आखून. वळणं, खाचा आणि आडवे काप तेवढे घरी आणा.